गोदाम उघडल्याची तारीख

हेमांगी बडगुजर मूळची धुळ्याची. तिच्या वडिलांचं कोर्टासमोर एका झाडाखाली टायपिंगचं टेबल होतं. आधी खडखडणारं यंत्र होतं, मग कॉम्प्युटर आला, पण टेबल तेच आणि झाडही तेच. प्रतिज्ञापत्रावरची तारीख चुकली तर गावाकडून आलेल्या माणसाची अख्खी खेप वाया जाते, म्हणून कागद हातात देण्याआधी ते तारखेवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचे. शाळा सुटल्यावर हेमांगी तिथेच बसून गृहपाठ करायची. पुढे तिनं बी.कॉम. केलं, कॉम्प्युटरचे दोन-तीन कोर्स केले आणि जळगावला औद्योगिक वसाहतीतल्या एका डाळमिलच्या ऑफिसात नोकरीला लागली. या गोष्टीच्या वेळी तिथे तिला पाचवं वर्ष चालू होतं. वय एकोणतीस, खोली भाड्याची, आणि दर दुसऱ्या शनिवारी धुळ्याची एसटी.

मिल चंपालालशेठची. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, बापानं मिल घातली आणि चंपालालशेठनं ती वाढवली. आता ते सत्तरीला टेकले होते. सकाळी देरासरात, जैन मंदिरात, जाऊन आले की ऑफिसात गादीवर बसायचे आणि डाळीचे दाणे तळहातावर घेऊन बघायचे. बाकीचा कारभार त्यांच्या सुनेकडे, चेलनाकडे होता. सगळं ऑफिस तिला भाभी म्हणायचं. भाभी पुण्यात शिकून आलेली, हुशार, आणि कुठलीही गोष्ट आकड्यात सांगितली की तिला पटायची.

हेमांगीचं काम आकड्यांचंच. किती तूर आली, किती डाळ निघाली, वीज किती जळली, कोण कामावर आलं, कोण नाही, हे सगळं ती कॉम्प्युटरवर मांडायची आणि त्याचे रिपोर्ट करून भाभीला द्यायची. तिचा सगळ्यात वाखाणला गेलेला रिपोर्ट म्हणजे गैरहजेरीचा. सव्वा वर्षापूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, भाभीनं विचारलं होतं की निवडणीच्या हॉलमध्ये सारख्या सुट्ट्या घेणाऱ्या बायका कोण? मशीननं डाळ कितीही साफ केली तरी शेवटचा हात बायकांचाच, आणि तिथे माणसं कमी पडली की माल अडतो. हेमांगीनं दोन दिवसांत यादी करून दिली. न सांगता घेतलेल्या सुट्ट्या उतरत्या क्रमानं, आणि वरच्या सात नावांना लाल रंग. भाभी खूश झाली. दिवाळीनंतर त्या सात जणींना कामावर येऊ नका असं सांगितलं गेलं. पहिलं नाव कुंदाबाई माळी होतं. अठरा महिन्यांत एकतीस सुट्ट्या.

हेमांगी कुंदाबाईला चेहऱ्यानं ओळखत होती. उंच, कपाळावर मोठं गोंदण, अंगठा लावायच्या यंत्रापाशी नेहमी पहिली. काढल्यावर ती ऑफिसच्या दारात येऊन थोडा वेळ उभी राहिली होती. हेमांगीनं मान वर केली नाही, कारण स्क्रीनवर काम होतं. म्हणजे काम होतंच, खोटं नाही.

यंदा फेब्रुवारीत भाभीनं नवीन काम दिलं.

"हेमांगी, मला आता दहा रिपोर्ट नकोत. एकच पान हवं. सकाळी मोबाइल उघडला की अख्खी मिल दिसली पाहिजे. हजेरी, माल, गोदामं, वीज, सगळं."

बोलायला सोपं होतं, पण करायला बसल्यावर हेमांगी अडकली. प्रत्येक गोष्टीचा तक्ता वेगळा. हजेरीच्या तक्त्यात बाईचा नंबर, नाव आणि दिवस. गोदामाच्या तक्त्यात गोदामाचा नंबर, पोती आणि औषध कधी टाकलं ते. डाळीला कीड लागू नये म्हणून गोदाम बंद करून आत विषारी गोळ्या ठेवतात, त्यांचा वायू पोत्यापोत्यांत शिरतो, पाच-सहा दिवसांनी गोदाम उघडून पंखे लावून तो वायू बाहेर काढतात. त्याची नोंद गोदामकीपर सुकदेवभाऊ एका जाड वहीत करायचे. आता बाईच्या नंबराचा आणि गोदामाच्या नंबराचा संबंध काय? काहीच नाही. हा तक्ता त्या तक्त्याला जोडायला मध्ये कुठलाच समान रकाना नव्हता.

समान फक्त एकच गोष्ट होती, तारीख.

म्हणून हेमांगीनं रीतसर एक तिसरा तक्ता केला. त्यात दुसरं काहीच नाही, फक्त दिवस. तीन वर्षांतला प्रत्येक दिवस एकदाच, ओळीनं, सुट्टीचा असो की कामाचा. मग हजेरी या दिवसांना जोडली, गोदाम या दिवसांना जोडलं, वीज जोडली, माल जोडला. ज्या तक्त्यांची एकमेकांशी ओळखदेख नव्हती ते सगळे आता एकाच दिवसाला हात लावून उभे राहिले. दिवस निवडला की त्या दिवशी चौघांनी काय केलं ते एका ओळीत दिसायला हवं.

सुकदेवभाऊंची वही कॉम्प्युटरवर चढवायला तिला आठवडा लागला. भाऊ समोर बसून वाचायचे आणि ती टाइप करायची.

"पाच तीन," भाऊ म्हणायचे.

"पाच मार्च की तीन मे, भाऊ?"

"ताई, मार्चच. मे मध्ये मी लग्नांत असतो."

तरी पहिल्यांदा जोडणी बसली नाही. हजेरीच्या यंत्रात तारखेला वेळ चिकटलेली, आठ वाजून चोपन्न मिनिटं वगैरे, आणि दिवसांच्या तक्त्यात नुसता दिवस, म्हणून कॉम्प्युटरला दोन्ही वेगळे वाटायचे. ती वेळ तिनं छाटली. मग सगळं जुळलं. पान सुंदर दिसायला लागलं. भाभीला दाखवायच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, तिला एक बारीकशी गोष्ट खटकली. गोदामाच्या ओळीत दोन तारखा होत्या, गोळ्या टाकल्याची आणि गोदाम उघडल्याची. जोडणी एका वेळी एकाच तारखेची चालू राहते, दुसरी नुसती तुटक रेघेनं दिसते आणि झोपून असते. तिनं टाकल्याची तारीख चालू ठेवली होती. उघडल्याची तारीखही एकदा तपासून घ्यावी, नोंदी चुकल्या तर कळतील, एवढ्याच हेतूनं तिनं एक छोटं सूत्र लिहून ती दुसरी जोडणी जागी केली. गोदाम उघडलं त्या दिवशी उभी रेघ, आणि त्याच पानावर निवडणीच्या हॉलची गैरहजेरी.

ती पाणी प्यायला उठणार होती, पण उठली नाही.

गैरहजेरीची रेघ डोंगरासारखी वर चढत होती आणि खाली येत होती. आणि जिथे जिथे तीन नंबरचं गोदाम उघडल्याची उभी रेघ होती, तिच्या दुसऱ्याच दिवशी डोंगर. एकदा-दोनदा नाही. ती बोटानं मोजत गेली. पंधरा, सोळा, सतरा. बोट थांबेना.

माझं सूत्र चुकलं असणार, असं तिला वाटलं. तिनं ते पुसलं, पुन्हा लिहिलं. रेघा तशाच. एक, दोन आणि चार नंबरची गोदामं लावून बघितली, तिथे काहीच नाही, सपाट. पोती भरण्याच्या विभागाची हजेरी लावली, तीही सपाट. फक्त निवडणीचा हॉल आणि फक्त तीन नंबर. हॉलमध्ये चव्वेचाळीस बायका, त्यात एरवी रोज चार-पाच गैरहजर. तीन नंबर उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा, बारा, एकदा सोळा. तीन वर्षांत ते गोदाम सेहेचाळीस वेळा उघडलं होतं आणि एकोणचाळीस वेळा असं झालं होतं.

मग तिनं भाद्रपद बघितला. जैनांच्या पर्युषणाच्या आधी-नंतर मिळून जवळजवळ महिनाभर चंपालालशेठ गोदामात गोळ्या टाकू देत नसत, जीवहत्या नको म्हणून. तो महिना म्हणजे पोळा, गणपती, बायकांना घरी शंभर कामं. सुट्ट्या वाढायला हव्यात. तिन्ही वर्षी त्या महिन्यात रेघ जमिनीला टेकलेली होती. वर्षातली सगळ्यात कमी गैरहजेरी.

हेमांगीच्या कानांतून गरम वारा निघाल्यासारखं झालं. समोर हिशेबनीस फोनवर बोलत होता, बाहेर ट्रक मागे घेताना कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत होतं, आणि ते सगळं तिला फार लांबून ऐकू येत होतं. पुढची गोष्ट तिला करायची नव्हती. तरी हातानं केली. नावाच्या रकान्यात तिनं 'कुंदाबाई माळी' निवडलं.

एकतीस सुट्ट्या. त्यांतल्या बावीस, तीन नंबर उघडल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या.

लाल यादीतली दुसरी बाई, अठ्ठावीसपैकी एकोणीस. तिसरी, सव्वीसपैकी सतरा. तिनं चौथं नाव निवडलं नाही. ज्या बायकांना सगळ्यात जास्त त्रास झाला, त्यांचीच नावं तिनं वर आणली होती, लाल रंगानं. सातही जणी हॉलच्या मागच्या भिंतीपाशी बसणाऱ्या होत्या, हे तिला पुढे दुपारी कळलं.

ती उठून थेट सुकदेवभाऊंकडे गेली. भाऊ तीन नंबरच्या दाराशी स्टूल टाकून बसले होते. दारावर चिकटपट्ट्या लावलेल्या, कवटीचं चित्र असलेली पाटी लटकत होती.

"भाऊ, हे गोदाम उघडल्यावर पंखे कुठल्या बाजूला हवा फेकतात?"

"मागल्या बोळात. काबरं?"

"बोळात काय आहे?"

"काय असणार? मोकळा बोळ होता तो. आता तिथं..." भाऊ बोलता बोलता थांबले. त्यांनी तोंडातली तंबाखू थुंकली आणि उभे राहिले. "चला."

बोळ आता बोळ राहिला नव्हता. तीन वर्षांपूर्वी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास, निवडणीचा हॉल मागच्या बाजूनं वाढवला होता. नवीन भिंत गोदामाच्या पंख्यांपासून जेमतेम चार हातांवर आली होती आणि वरून पावसाळ्यासाठी पत्रे टाकले होते. दोन्ही टोकांना भंगार रचलेलं. पंखे हवा फेकणार ती जाणार कुठे? समोर हॉलची जाळी होती. जाळीतून बायकांच्या पाठी दिसत होत्या. एक जण काहीतरी सांगत होती आणि दोघी-तिघी हसत होत्या.

"भाऊ, बायकांनी कधी वासाबद्दल सांगितलं होतं?"

सुकदेवभाऊ म्हणाले, "म्हणायच्या. कुजक्या लसणासारखा येतो म्हणायच्या. मी म्हटलं, बाई, डाळमिल आहे, अत्तराचं दुकान नाही." त्यांनी भिंतीला हात टेकला. "चौतीस वर्षं झाली मला इथं. मी सकाळी आठला पंखे लावतो, त्या नऊला येतात. ताई, मीच लावतो पंखे."

"पुढचं कधी उघडायचं आहे?"

"हेच? उद्या सकाळी."

हेमांगी धावलीच. भाभी केबिनमध्ये कुणा व्यापाऱ्याशी बोलत होती. हेमांगीनं दार न वाजवता आत जाऊन लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. एरवी तिची अशी हिंमत नव्हती. तो माणूस गेल्यावर भाभीनं दोन मिनिटं ते पान बघितलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. फक्त ती स्वतःशी पुटपुटली, "तीन नंबर. हॉल मी वाढवला. नकाशा मी काढून घेतला होता." आणि मग तिनं हाक मारली, "बाबूजी!" त्या आवाजानं ऑफिसातले सगळे उठून उभे राहिले.

चंपालालशेठना आधी पटलं नाही. चष्मा वर करून, खाली करून त्यांनी रेघा बघितल्या.

"बेटा, तारखा जुळतात म्हणून गोष्ट जुळते असं नाही. माझ्या मुनीमजींचा गुडघा दर अमावस्येला दुखायचा."

"शेठजी, मलाही तसंच वाटलं," हेमांगी म्हणाली. "म्हणून मी पर्युषण बघितलं." आणि तिनं भाद्रपद उघडून दाखवला.

शेठजींनी त्या सपाट रेघेवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं. त्यांनी जीव वाचावेत म्हणून बंद ठेवलेला महिना. किड्यांचे वाचत होते की नाही देव जाणे, पण बायका त्या महिन्यात कामावर येत होत्या, एवढं समोर होतं. शेठजींचा चेहरा राखेसारखा झाला.

"उद्या बायकांना बोलावू नका," ते म्हणाले. "आणि त्या गोळ्यावाल्याला सांगा, मोजायचं यंत्र घेऊन ये."

गोळ्या टाकायचं कंत्राट बाहेरच्या एकाकडे होतं. त्याचा माणूस योगेंद्र, बत्तीस-तेहतीसचा, दुसऱ्या दिवशी सकाळी मोपेडवर आला. वायू मोजायचं यंत्र त्याच्या डिकीत नेहमीच असायचं. गोदामाच्या दाराशी तो दरवेळी ते धरायचा, पोती उचलायला सुरक्षित आहे का बघायला. मागच्या बाजूला त्यानं ते कधी नेलं नव्हतं, कारण तसं कुणी सांगितलंच नव्हतं.

निवडणीचा हॉल रिकामा होता. सुकदेवभाऊंनी पंखे लावले. योगेंद्र तोंडाला मुखवटा लावून हॉलमध्ये गेला आणि जाळीपाशी, ज्या पाटावर कुंदाबाई बसायची त्या पाटाच्या उंचीवर, त्यानं यंत्र धरलं. बाकीचे बाहेर अंगणात लांब उभे होते. आत यंत्राची शिट्टी वाजायला लागली. थांबेचना. योगेंद्र जवळजवळ पळत बाहेर आला आणि मुखवटा ओढून काढला.

"किती?" भाभीनं विचारलं.

"शून्य पूर्णांक तीनच्या वर गेलं तर माणूस बाहेर काढायचा असतो." त्यानं यंत्र पुढे केलं. "हे चार पूर्णांक आठ झालं. मी तिथं थांबलो नाही, मॅडम."

पंखे घुरघुरत होते. चंपालालशेठ खाली बघत हळूहळू मागे सरकले आणि वजनकाट्याच्या ओट्यावर बसले. "तीन वर्षं," ते म्हणाले. मग पुन्हा, जणू कुणी विचारलंय, "तीन वर्षं झाली."

सुकदेवभाऊ डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन उभे होते. हेमांगीला त्यांच्याकडे बघवेना.

पुढचे चार-पाच दिवस मिलमध्ये कुणाला धड जेवण गेलं नाही. भाभीनं त्याच दुपारी जाळ्या विटांनी बुजवल्या, पत्रे उतरवले, पंखे काढायला लावले. हॉलमधल्या सगळ्या बायकांना दवाखान्यात नेऊन तपासण्या करून आणल्या. घटनेचा लेखी अहवाल सरकारी निरीक्षकाकडे स्वतःहून पाठवला, वकील नको म्हणत असताना. बायकांना सांगायचं काम मात्र तिनं हेमांगीला दिलं. हेमांगीनं हॉलच्या भिंतीवर ते पान मोठं करून लावलं आणि जमेल तसं सांगितलं. बायका ऐकत होत्या. मागून एकीनं अहिराणीत मोठ्यानं विचारलं, "म्हणजे मना लेकरूले मी पाजे तवय बी?" ती मागच्या उन्हाळ्यात बाळंत होऊन लगेच कामावर आलेली होती, तेव्हा बाळ अंगावर पीत होतं. हेमांगीला उत्तर माहीत नव्हतं. ती तसं म्हणाली. ती बाई मटकन खाली बसली आणि बाकीच्या तिच्याभोवती जमल्या. डॉक्टरांनी पुढे बाळाला काही नाही असं सांगितलं, पण ते आठवड्यानं. तो आठवडा त्या बाईनं कसा काढला ते तीच जाणे.

रविवारी हेमांगी कुंदाबाईकडे गेली. काम सुटल्यावर कुंदाबाई नवऱ्याबरोबर सासरी, फागण्याला, परतली होती. पत्ता हॉलमधल्याच बायकांनी दिला. एसटी एरंडोल, पारोळा करत धुळ्याच्या दिशेनं निघाली. हा रस्ता हेमांगीच्या पायाखालचा, पण फागण्याला ती आयुष्यात पहिल्यांदा उतरली.

कुंदाबाई अंगणात शेवग्याच्या शेंगा बांधत होती, सोमवारच्या बाजारासाठी. हेमांगीला बघून तिचे हात थांबले.

"ऑफिसनी ताई ना तू?" ती म्हणाली. "ये, बठ. आज आठे कसं काय येनं व्हयनं?"

घरातून सासूही आली, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. नवरा प्रेमराज खाटेवर होता, तो उठून बसला. हेमांगीनं पाण्याचा तांब्या हातात घेतला, पण प्यायली नाही. घरून ठरवून आणलेलं सगळं बोलणं तिच्या डोक्यातून निघून गेलं होतं. तिनं पिशवीतून कागद काढला. कुंदाबाईच्या एकतीस सुट्ट्या एका ओळीत, खाली गोदाम उघडल्याच्या तारखा. तिनं बोट ठेवून एक-एक तारीख वाचून दाखवायला सुरुवात केली. ह्या दिवशी गोदाम उघडलं, दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत. ह्या दिवशी उघडलं, दुसऱ्या दिवशी आला नाहीत. विषारी हवा होती. तुम्ही जिथे बसायचात तिथेच येत होती.

सहा-सात तारखा झाल्यावर कुंदाबाईनं तिचा हात धरला.

"थांब. काय विषारी?"

हेमांगीनं पुन्हा सांगितलं. कुंदाबाई ऐकत होती आणि तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं.

"माले वाटे मनं डोकं फुटी जाई," ती शेवटी म्हणाली. "उलट्या व्हयेत. छाती आवळे. दुसऱ्या दिवशी उठता येये नही. आनि काम सुटनं तसं बठ्ठं थांबनं. एकदम थांबनं." ती सासूकडे वळली. "बठ्ठा म्हनेत, पाहा, काम सुटनं आनि डोकं बरं व्हयनं. सोंग करे. आंगचोर शे."

सासूनं पदर तोंडाला लावला. प्रेमराज जमिनीकडे बघत होता. वर्षभर त्या घरात काय काय बोललं गेलं असेल, ते त्या दोघांच्या गप्प बसण्यात हेमांगीला ऐकू आलं.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हती?" कुंदाबाईनं विचारलं. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. आपलं आपल्यालाही पटेनासं झालेलं असावं, असा तो आवाज होता.

"नाही, कुंदाबाई. तुम्ही खोटं बोलत नव्हता." आणि मग हेमांगी म्हणाली, कारण ते म्हटल्याशिवाय तिला तिथून उठता आलं नसतं, "ती यादी मी केली होती. तुमचं नाव पहिलं मी टाकलं होतं. का येत नाहीत, हे मी कुणालाच विचारलं नाही."

कुंदाबाई तिच्याकडे बघत राहिली. रागावेल, हाकलेल, रडेल, असं हेमांगीला वाटत होतं. कुंदाबाई यातलं काहीच करेना. तिच्या चेहऱ्यावर राग यायलाही जागा उरली नव्हती. तिनं मांडीवरची शेंगांची जुडी बाजूला ठेवली.

"हाऊ कागद माले दे," ती म्हणाली.

हेमांगीनं दिला. कुंदाबाईनं तो उलटा-सुलटा करून बघितला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो प्रेमराजच्या हातात दिला. "वाच. मोठ्यानं वाच."

प्रेमराज अडखळत वाचायला लागला. तारीख, मग 'उघडले', मग तारीख, मग 'गैरहजर'. नवव्या-दहाव्या ओळीला त्याचा आवाज फाटला. तो थांबला. कुंदाबाई म्हणाली, "अजून वाच. बठ्ठं वाच." त्यानं एकतीसच्या एकतीस ओळी वाचल्या. सासू तोवर खाली उंबऱ्यावर बसली होती.

हेमांगी निघाली तेव्हा कुंदाबाई तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. निरोप घेताना तिनं एक जुडी तिच्या पिशवीत टाकली. हेमांगीनं नको म्हटलं नाही.

पुढे भाभी आणि चंपालालशेठ सातही जणींच्या घरी जायला निघाले. शेठजी हट्टानं स्वतः गेले, काठी घेऊन, गल्लीबोळांतून. सातांपैकी चौघी परत कामावर आल्या. कुंदाबाई आली नाही. शेठजी अंगणात हात जोडून उभे असताना तिनं स्वच्छ सांगितलं की त्या भिंतीकडे पाठ करून आता बसवणार नाही. भाजीचा बाजार बरा चाललाय. सहावीनं दुसऱ्या मिलमध्ये काम धरलं होतं. सातवी, पुनाबाई, तिचं घरच सापडलं नाही. शेजारी म्हणाले, सुरतेला गेले सगळे, तिला दम लागायचा, म्हणून तिकडे दवाखान्याला गेले. कुठल्या दवाखान्याला, कुणालाच सांगता आलं नाही. हजेरीच्या नोंदीत तिचा एक मोबाइल नंबर आहे. हेमांगी दर सोमवारी सकाळी, काम उघडायच्या आधी, तो नंबर लावते. तो बंद असल्याचं सांगणारा आवाज येतो, ती शेवटपर्यंत ऐकते, आणि मग दिवसांचा तक्ता उघडून कामाला लागते.